पीडीएफदात्या अ‍ॅडमिनसाहेबांस अनावृत पत्र

श्रीयुत ग्रुप अ‍ॅडमिनसाहेब यांसी,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी माझी कादंबरी मला फुकटात वाचायला मिळाली. मावसभावाने ती आपल्या ग्रुपवरून पाठवली, वर 'भारी लिहिलंयस, सगळ्यांना फॉरवर्ड केली' असा शेरा. हजार प्रतींची पहिली आवृत्ती अजून प्रकाशकाकडे गठ्ठ्यांत पडून आहे. आपण मात्र पुस्तक घरोघरी पोचवलंत. व्रत थोर आहे.

स्कॅन सुरेख. पान कुठे तिरकं नाही, शिवणीकडची अक्षरं दबलेली नाहीत. फक्त एक पान गायब आहे: लेखक, प्रकाशक, मुद्रितशोधक यांची नावं आणि 'सर्व हक्क लेखकाधीन' ही ओळ असलेलं. बाकी प्रत्येक पानावर तिरप्या, पुसट अक्षरांत आपल्या ग्रुपचं नाव. शेवटी लाल ठशात सूचना: 'ही फाइल करायला खूप मेहनत लागली आहे. आमचं नाव काढून कुणीही पुढे पाठवू नये.'

मेहनत! आणि मी कादंबरी लिहीत होतो तेव्हा काय हवापालटाला गेलो होतो? शिवाय कुणी आपलं नाव खोडू नये म्हणून फाइलला कुलूप. एक स्वल्पविराम हलवायचा तरी पासवर्ड मागते. छापखान्यात गेलेल्या आमच्या मूळ फाइललासुद्धा एवढा बंदोबस्त नव्हता. दुसऱ्याच्या भांड्यावर स्वतःचं नाव कोरून वर 'चोरांपासून सावध' अशी पाटी लावणारा गृहस्थ मी पहिल्यांदाच पाहिला.

1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63 तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. 2012च्या दुरुस्तीने आलेलं 65ब हे हक्कांची माहिती जाणूनबुजून उडवणाऱ्यांसाठीच आहे. 2022 साली दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला चॅनेलवाल्यांची माहिती द्यायला लावली, तीही स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लिहिणाऱ्या एका लेखिकेच्या तक्रारीवरून. मीही गेलो असतो कोर्टात. पण वकिलाची फी रॉयल्टीतून यायची होती.

'आम्ही वाचनसंस्कृती जगवतो' हे आपलं ब्रीद वाचलं. लेखक कुणी जगवायचा, ते त्यात नाही.

एक मात्र कबूल. आपल्या जुन्या फाइली चाळल्या, त्यांत बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली पुस्तकं दिसली आणि राग जरा उतरला. तालुक्याला पुस्तकाचं दुकान नाही, मागवावं तर टपालखर्च वर. आमचे प्रकाशक आपल्या धास्तीने ई-बुक काढत नाहीत, आणि त्यात भरडला जातो तो आडगावचा वाचक. एकेक पान काचेवर सपाट दाबत बसणारा माणूस पुस्तकांचा वैरी नसतो, हे मला कळतं.

म्हणून मार्ग सुचवतो. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी 1950 साली गेले. 'श्यामची आई' 2011पासून सर्वांना खुली आहे. अशी पुस्तकं शोधा, खुशाल स्कॅन करा, हवं तर ग्रुपचं नाव घाला. पण मूळ लेखकाचं पान ठेवा. मी तर अजून जिवंत आहे.

कॉपीराइट ज्याला ठाऊक नाही त्याला समजावता येतं. स्वतःच्या नावापुरता तो आपल्याला पुरेपूर कळलेला आहे. तेव्हा समजावत बसत नाही. फाइल आजच्या आज उतरवा.

कळावे.