न संपणारी गोळी कशी चघळावी: भिवंडीकर नवशिक्यांसाठी

साहित्य: गोळी, एक. दिसायला हिरवी गोटी. रोआल्ड डालच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ (१९६४) या पुस्तकातला कारखानदार विली वोंका ती बनवतो, आणि तीही खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांसाठी. कितीही चघळा, झिजत नाही. चाचणीच्या खोलीत त्याचा एक ठेंगणा कामगार जवळजवळ वर्षभर एकच गोळी चघळत बसलाय.

भिवंडीत इतकं न थांबता चालतात ते यंत्रमाग (मंदी नसली तर). म्हणून पहिला सराव मागाशेजारी करावा. धोट्याच्या खटखटीत एरवीही कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे तोंड भरलेलं आहे हे लक्षात येणार नाही.

गोळी आठवड्याला रंग बदलते. मागावरचं ग्रे कापड रंगवायला पाठवावं लागतं, ही तोंडातल्या तोंडात रंगते. डाइंगवाले चौकशीला आले तर जीभ दाखवू नये.

चावू मात्र नये. दात तुटतील, असं वोंकानेच बजावलंय. नवशिक्याची खरी पंचाईत इथे होते. आपल्याकडे गोळी वाटून खायची रीत ठरलेली: शर्टाच्या टोकात गुंडाळायची, दाताखाली कडकन फोडायची, म्हणजे उष्टी होत नाही. मोठा तुकडा आपला, भुगा धाकट्याचा. ही फुटतच नाही, मग धाकट्याला द्यायचं काय? पाळीपाळीने चघळायची म्हटलं तर आई दोघांनाही बदडेल. धाकट्यासाठी वेगळी गोळी आणावी, दुसरा उपाय नाही.

नाक्यावरच्या दुकानदारापासून लपवावी. सुटे नाहीत म्हणून तो रुपयाऐवजी गोळी हातावर टेकवतो; तुमच्या तोंडात आधीच एक कायमची असेल तर त्याला रुपया शोधावा लागेल.

माणकोली-दापोड्याच्या गोदामांत तर नावही काढू नये. ही गोदामं मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून इथे वाढली. मुंबईची जकात २०१७ साली गेली तरी गोदामं टिकली, कारण माल संपतो आणि लोक पुन्हा मागवतात. पोराला जन्मभर एकच गोळी पुरली तर पुढचा ट्रक कशाला लागेल, आणि तो उतरवायला हमाल तरी कशाला? डालने गरीब पोरांचा विचार केला, त्यांच्या बापाच्या हजेरीचा केला नाही.

तेव्हा ज्यांच्या घरातलं कुणी गोदामात कामाला असेल, त्यांनी मुकाट्याने लिमलेटची गोळी घ्यावी. ती संपते.