अभ्यासकौशल्य सल्लागार कसे व्हावे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! विद्यापीठाने तुम्हाला अभ्यासकौशल्य सल्लागार म्हणून नेमले आहे, अर्थात अकरा महिन्यांच्या करारावर. खालील सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. खोली शोधा. ती बहुधा जिन्याखाली, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांशेजारी असते. दारावरच्या पाटीसाठी अर्ज आजच टाका. नॅकची समिती येणार असेल तर पाटी आठवड्यात मिळेल, कारण नॅकच्या मूल्यमापनात विद्यार्थी साहाय्यही पाहिले जाते. एरवी करार संपेपर्यंत वाट पाहावी.

२. हंगाम ओळखा. सत्राच्या सुरुवातीला तुमच्याकडे चिटपाखरूही फिरकणार नाही. हॉल तिकीट हातात पडले की रांग लागेल. प्रश्न ठरलेला : ‘‘सर, परवा पेपर आहे. किती युनिट केले तर सुटेन?’’ इनसेमचे ३०, एंडसेमचे ७०, त्यात कुठून किती ओढायचे, हा हिशेब विद्यार्थी तोंडी मांडतो. त्याची केटी गणितातच राहिली आहे, हे नंतर कळते.

३. वेळापत्रक पाहून हसू नका. ते चार रंगांच्या स्केचपेनांनी आखलेले असते आणि पहाटे चारला सुरू होते. आखण्यात दोन दिवस गेलेले असतात. ‘‘छान आहे,’’ म्हणा आणि विचारा : मेस कधी उघडते? बस किती वाजताची? ‘कमवा आणि शिका’चे काम सकाळी असते की दुपारी? उत्तरे मिळेपर्यंत निम्मे चौकोन आपोआप खोडले जातील. उरलेल्या निम्म्यात खरा अभ्यास बसवायचा.

४. हायलायटर काढून घ्या. पान इतके पिवळे असते की न रंगवलेली ओळच महत्त्वाची वाटू लागते. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाला गेले; स्वतःची चाचणी घेणे आणि थोडाथोडा अभ्यास अनेक दिवसांत विभागणे वर आले. हे सांगताच विद्यार्थी मान डोलावेल आणि हायलायटरने लिहून घेईल.

५. अ‍ॅपपासून सावध राहा. पंचवीस मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिल्लोची पोमोडोरो पद्धत चांगली आहे. पण त्यासाठी कोणते अ‍ॅप बरे, हे ठरवण्यात विद्यार्थ्याची संध्याकाळ जाते. घरात घड्याळ आहे का, एवढेच विचारा.

६. आता मुख्य कृती. ‘‘हा धडा चार वेळा वाचलाय,’’ असे विद्यार्थी म्हणाला की शांतपणे पुस्तक मिटा, कोरा कागद पुढे करा आणि म्हणा, ‘‘आठवेल ते लिही.’’ तो पंख्याकडे बघेल, पेनचे टोपण चावेल. मग व्याख्या अर्धी लिहील, आकृती काढील आणि नावे द्यायला विसरेल. मधे बोलू नका. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभराने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि विद्यार्थी त्यालाच ‘येतं’ म्हणतो. तुमचा पगार हा गैरसमज दूर करण्यासाठी आहे.

७. तरीही जाताना तो आयएमपी मागेलच. नाही म्हणू नका, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका द्या. अट एकच : पुस्तक मिटून सोडवायच्या आणि मग ताडून पाहायच्या.

८. फोटो काढा, सही घ्या, अहवाल भरा. ‘लाभार्थी’च्या रकान्यात आकडा लागतो, कुणाला काय उमगले यासाठी रकाना नसतो.

विद्यार्थीमित्रांनो, ही मार्गदर्शिका चुकून तुमच्या हाती पडली असेल तर एकच विनंती : सत्राच्या पहिल्या आठवड्यात या. तेव्हा आम्ही अगदी रिकामे बसलेलो असतो, आणि सांगायचे असते तेही तेव्हाच उपयोगी पडते.