बायांची जागा

"काकू, ऐकलं का? तृतीयपंथीयांना म्हणं बायांच्या राखीव जागेवर उभं राहता येतं."

"काहीबी! आधीच बायकोच्या खुर्चीत नवरे बसायलेत, आता आणखी वाटेकरी?" पाथरीतल्या आमच्या कुपाटीपलीकडं काकू तुरीच्या शेंगा सोलायल्या होत्या.

"जळगावकडच्या भादलीत झालंय की. अंजली पाटलांनी ग्रामपंचायतीचा फॉर्म महिलेच्या जागेवर भरला. तृतीयपंथी म्हणून छाननीत बाद झाला. त्या गेल्या आपल्याच औरंगाबाद खंडपीठात. जानेवारी 2021 मध्ये कोर्टानं सांगितलं, त्या स्वतःला बाई मानतात, फॉर्म घ्या. निवडूनबी आल्या."

"मग उद्या आमचे हेसुद्धा लुगडं नेसून फॉर्म भरतील!"

"भरू द्या. पुढं सोय बघून परत पुरुष होणार नाही, असं अंजलीताईंनी कोर्टात सांगितलंय. काकांना जन्मभर जमंल का?"

"त्यांना एक दिवस चूल सांभाळणं जमंना!"

एवढ्यात मागच्या घरातल्या मास्तरीणबाई आल्या. "कोर्ट काही म्हणो, शरीर सांगतं तेच खरं."

"मग बाई, ढालेगावचा पूल ओलांडून माजलगावकडं बघा. ललित साळवे. जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगी समजून ललिता नाव ठेवलं. पोलिसात भरती झाली तीबी महिला शिपाई म्हणून. पुढं तपासणीत पुरुषाचं गुणसूत्र निघालं. 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जमध्ये शस्त्रक्रिया, 2020 मध्ये लग्न, 2024 मध्ये मुलगा. शरीरानंच आईबापाला न् खात्याला चकवलं, आता बोला!"

"म्हंजे तोबी तृतीयपंथीच की," काकू म्हणाल्या.

"नाही ना! तो म्हणतो, मी पुरुष. अंजलीताई म्हणतात, मी बाई. आणि कुणी म्हणतं, मी दोन्ही नाही, तिसरीच. आपण तिघांना एकाच टोपल्यात टाकतो. सुप्रीम कोर्टानं 15 एप्रिल 2014 लाच सांगितलंय, पुरुष, स्त्री का तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं ठरवावं."

मास्तरीणबाई हटंनात. "अन् 'हिजडा' म्हणलं की राग का येतो? लक्ष्मी त्रिपाठींच्या पुस्तकाचं नावच 'मी हिजडा, मी लक्ष्मी' आहे."

"त्यांनी स्वतःला म्हणलं बाई. आपण रस्त्यात मागून ओरडलो तर शिवीच."

मास्तरीणबाईंनी मान हलवली, पण ती हो ची का नाही ची, काही कळलं नाही.

काकूंनी सूप झटकलं. "मला सगळं पटलं असं समजू नको. मत द्यायचं का नाही, ते काम बघून ठरवीन. पण हाक मारायची ती त्यांनी सांगितलेल्या नावानंच. त्यात आपल्या बापाचं काय जातं?"