कूजविचार: नांदेड ते लातूर

मराठीत सगळ्या वस्तू एकाच रीतीने खराब होत नाहीत. दूध नासते, वरण आंबते, भाजी विटते, शेंगदाणा खवट होतो, डाळ किडते, लोखंड गंजते. ज्याचा त्याचा शेवट ज्याच्या त्याच्या क्रियापदाने. ‘दूध कुजले’ म्हणणारा माणूस एकतर परप्रांतीय असतो किंवा नवकवी. या गर्दीतून आम्ही ‘कुजणे’ एवढेच उचलले आहे. ‘सडणे’ मुद्दाम सोडले, कारण त्याच क्रियापदाने तांदूळही कांडला जातो आणि हातसडीचा तांदूळ दुकानात चढ्या भावाने विकला जातो. विषयाची अशी बरकत झाली की त्याचे गांभीर्य राहत नाही.

प्रथम व्याकरण. पुण्यात सोयाबीन ‘कुजतंय’, नांदेडात ‘कुजायलंय’, लातूर-उदगीरकडे ‘कुजूलालंय’. त्यांची अक्षरे चार, आमची पाच. या जादा अक्षरावर आमचे बरेच दिवस गेले. निष्कर्ष असा की पुण्यात सोयाबीन मुळात कुजत नाही, ते कुजल्याची बातमी वाचली जाते. बांधावर उभे राहून बघणाऱ्याला वर्तमानकाळ थोडा लांबच लागतो.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे कोशकारांनी साफ दुर्लक्ष केले: कुजायला ऐपत लागते. म्हणजे पाणी लागते. 2016 च्या उन्हाळ्यात लातुरात काहीच कुजले नाही. त्या 12 एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पहिल्यांदा आली तेव्हा दहा वाघिणींत मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी होते, आणि ते बघायला फलाटावर गर्दी झाली होती. त्या उन्हाळ्यात वस्तू वाळत, तडकत, करपत. उकिरडासुद्धा कोरडा ठणठणीत. कुजण्याची चैन कुणालाच परवडत नव्हती.

मग 2025 चा सप्टेंबर आला आणि सगळी थकबाकी एकदम फेडून गेला. मांजरा, तेरणा पात्र सोडून रानात शिरल्या. सोयाबीन पाण्यात उभे राहिले, दाण्याला शेंगेतच कोंब फुटले. ज्याने घाई करून काढले, त्याच्या बनिमीची, म्हणजे गंजीची, बुडखी कुजली. लोक त्याला ओला दुष्काळ म्हणाले. सरकारी नियमावलीत असा शब्दच नाही, हे त्या निमित्ताने कळले. मात्र कुजण्याचे गणित सरकारदरबारी पक्के आहे: मदतीसाठी नुकसान किमान 33 टक्के भरावे लागते. म्हणजे 32 टक्के कुजलेले पीक कागदोपत्री टवटवीत. कूजशास्त्रातली इतकी नेमकी व्याख्या आम्हाला दुसऱ्या कुठल्याही ग्रंथात आढळली नाही.

माणसांत हा रोग जिभेवाटे प्रकटतो. त्याला ‘कुजकट बोलणे’ म्हणतात. लातूरच्या सोयऱ्याला गोदाकाठचा नांदेडकर गोड आवाजात विचारतो, “येताना पाणी आणावं का वो पाव्हणं?” झाले. शिवी नाही, भांडण नाही, पण चहा विटला. 2016 ची रेल्वे केव्हाच थांबली, हा प्रश्न अजून थांबलेला नाही. देगलूर ओलांडून तेलंगणात गेले की मामला आणखी खोल जातो. तेलुगूत कुजण्याला ‘कुळ्ळु’ म्हणतात आणि मत्सरालाही ‘कुळ्ळु’च. आपल्याकडे कुजते ते बोलणे, त्यांच्याकडे थेट मन. सीमेवरच्या माणसाला दोन्ही भाषा येतात, तेव्हा त्याच्याशी जपून बोलावे. ‘कुजबुज’ही याच कुळातली, असे सिद्ध करून टाकण्याचा आमचा विचार होता. पण तो शब्द नुसता आवाजावरून आलेला निघाला आणि चार पाने फाडावी लागली.

आता या शब्दाचा खरा चमत्कार. नासलेले, विटलेले, किडलेले यांच्यामागे ‘चांगले’ लावून बघा, लागत नाही. (‘चांगलंच नासलं’ होते, पण तो वैताग झाला.) शेणखत मात्र ‘चांगले कुजलेले’च हवे, असे कृषी विद्यापीठाच्या पत्रकापासून खताच्या गाडीवाल्यापर्यंत सगळे एकमुखाने सांगतात. अर्धापूरकडच्या हळदीला तर हा शब्द दोन्ही बाजूंनी गाठतो. तिचा मोठा रोग कंदकूज: पाणी साचले की बुरशी लागते आणि गड्डा मऊ पडतो. त्यावर उपाय म्हणून ट्रायकोडर्मा नावाची दुसरी बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून देतात. कुजू नये म्हणून कुजलेले घालायचे. न्यायशास्त्राने याला काय नाव दिले असते कोण जाणे, शेतकरी त्याला जूनमधले काम म्हणतो.

चांगले कुजले हे ओळखायचे कसे, हे मला अहमदपूरकडच्या मामांनी शिकवले. उकिरड्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत धग लागली तर कच्चे. काडी अजून काडीसारखी दिसली तर कच्चे. आणि मुख्य म्हणजे वास. घाण येते ते अजून व्हायचे असते. पुरते कुजलेले खत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखे लागते. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. मामांच्या मते नीट पाणी मारून पालथा घातला तर एक पावसाळा पुरतो.

म्हणून हा प्रबंध छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. ओसरीवर सुपारी कातरत त्यांनी व्याकरणापासून तेलुगूपर्यंत सगळे ऐकून घेतले, मग हात पुढे करून कागद मागितले. वाटले, सही करतात. त्यांनी कागद नाकाशी नेले.

“ठेव अजून एक पावसाळा,” ते म्हणाले. “वास यायलाय.”