शेजारीण हिरवी झाली

मिलवॉकी, विस्कॉन्सिन
मार्चअखेर

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,


बर्फ वितळलाय आणि १७ तारखेला शेजारीण नखशिखान्त हिरवी झाली होती. सेंट पॅट्रिकचा सण! ती आयरिश आहे हे फक्त मार्चात कळतं. शिकागोला तर नदीच हिरवी करतात. १९६२पासून ते काम प्लंबरांच्या युनियनकडे आहे. सांडपाणी नदीत कुठून शिरतं ते शोधायला ते रंग सोडत, त्यातून ही कल्पना निघाली. आपल्याकडे नदी रंगायला युनियन लागत नाही.

बाबा, तुम्ही इथे रमाल. ‘मूळ गाव कुठलं?’ विचारायच्या आत उत्तर येतं, तेही हिशेबासकट. शेजारीण अर्धी आयरिश, पाव जर्मन, पाव पोलिश. मग डीएनए तपासायला नळीत थुंकून एका कंपनीला पाठवलं, तर थोडी स्वीडिशही निघाली. हौसेने तिकडचे वेलदोड्याचे पाव करायला शिकली. पुढे कंपनीने हिशेब सुधारला आणि स्वीडन गेलं. पाव अजून चालू आहेत, आम्हालाही येतात.

२०२०च्या जनगणनेत गोऱ्यांनाही मूळ लिहायला जागा दिली होती. आयरिश निघाले ३ कोटी ८६ लाख, म्हणजे आयर्लंडच्या कितीतरी पट! सर्वांत जास्त इंग्लिश, ४ कोटी ६६ लाख. पण आमच्या तळ्याकाठी उन्हाळ्यात जत्रा भरतात त्या पोलिशांच्या, जर्मनांच्या, आयरिशांच्या. इंग्रजांची नाही. त्यांना बहुधा आपण कुठून तरी आलोय असं वाटतच नसावं.

जर्मन पाव हिश्श्याबद्दल शेजारीण फारसं बोलत नाही. खरं तर या गावातले बिअरवाले पाब्स्ट, श्लिट्झ, मिलर सगळे जर्मनच. पण १९१७मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, आणि कित्येक श्मिट स्मिथ झाले. आंबवलेल्या कोबीलासुद्धा ‘स्वातंत्र्याची कोबी’ म्हणायला लागले! त्याआधी, १७५१ साली, बेंजामिन फ्रँकलिनने तर जर्मन आणि स्वीडिश लोकांना चक्क सावळ्यांत काढलं होतं. आई, स्थळं बघणाऱ्या आपल्या आत्याबाईसुद्धा इतक्या कडक नव्हत्या.

आता हे सगळे गोरेच. त्यामुळे शेजारीण सकाळी आयरिश, संध्याकाळी नुसती अमेरिकन होऊ शकते, कुणी हटकत नाही. आमचा ओजस याच गावात जन्मला, पण ‘मिलवॉकी’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘हो, पण मूळचा कुठला?’ मला याचा राग येतो. ओजसला येत नाही. तो विचारणाऱ्यांनाच उलट विचारतो, आणि मग अर्धा तास सुटका नाही.

बाबा, तुमचा कुलवृत्तांत शेजारणीला दाखवला. इतक्या पिढ्या बघून थक्क झाली. मग म्हणाली, “यात सगळे पुरुषच. यांच्या आया कुठल्या?” तिच्या तक्त्यात प्रत्येक आजीचं माहेर आहे. आता ती आमचाही तक्ता करत्येय. तेव्हा आई, तुझ्या आजीचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव लगेच कळव. बाबांना विचारू नकोस, त्यांना ठाऊक नसणार.

तुमची,
सुमा