शिरोरेषेचा सीमाप्रश्न

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या बोरगावात राहायचं तर कॉम्प्युटरला दोन लिप्या आल्याच पाहिजेत. शेताचा उतारा कन्नडात, लग्नपत्रिका मराठीत. माझ्या जुन्या पीसीला नवं विंडोज झेपेना, म्हणून भाच्यानं त्यावर लिनक्स मिंट चढवलं आणि तो पुण्याची गाडी धरून मोकळा झाला. पीसी पळायला लागला, पण मराठी वाचवेना. कन्नड मजकूर बरा दिसायचा. मराठीच्या डोक्यावरची रेघ तेवढी फिकट, करडी, पसरलेली.

शेजारच्या अण्णांची हयात सीमालढ्याच्या मोर्चांत गेलेली. स्क्रीन बघून ते म्हणाले, "बघ, म्या सांगत न्हवतो? हितंबी मराठीवरच अन्याव!"

तक्रारीत तथ्य होतं, पण यात बेंगळुरूचा हात नव्हता. स्क्रीन म्हणजे ठिपक्यांच्या ओळी. बारीक टायपात शिरोरेषेची जाडी जेमतेम एका ठिपक्याची. ती नेमकी एका ओळीवर बसली तर काळीभोर दिसते. दोन ओळींच्या मधोमध आली, की दोघींच्या वाट्याला अर्धा अर्धा काळा रंग, म्हणजे दोन करड्या रेघा. अर्धी ह्या राज्यात, अर्धी त्या राज्यात, थेट आमच्यासारखी. कन्नडात शब्दभर जाणारी रेघच नाही. अक्षरांच्या डोक्यावरचा तलकट्टू सुटा सुटा, त्यामुळे तिकडची करडी कड चटकन कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

रेघ उचलून एकाच ओळीत बसवण्याला हिंटिंग म्हणतात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून आम्हाला जे मिळालं नाही, ते फॉन्टला एका मेनूत मिळतं. माझ्याकडे ते बंद होतं. 'स्लाइट' केलं आणि रेघ सुतात आली.

हिंटिंगची पूर्ण सोय फुकट मिळायला मात्र वाट बघावी लागली होती बरं का. लिनक्सवर अक्षरं रंगवणाऱ्या फ्रीटाइप लायब्ररीत ट्रूटाइप फॉन्टच्या हिंटिंगचा कोड तयार होता, पण पेटंट अ‍ॅपलचं, म्हणून तो एरवी बंद ठेवलेला. २०१० मध्ये पेटंटची मुदत संपली, मग तो उघडला. 'क'चं पोट नीट दिसावं म्हणून वकिलांची तारीख बघायची! दिवाणी दावे पिढ्यान् पिढ्या चालवणाऱ्या आमच्या गावाला याचं नवल नाही, पण मला राग आला.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, आता अँटिअलायझिंग आरजीबीए करा." ही अक्षरांच्या कडा मऊ करण्याची क्लिअरटाइपची तऱ्हा; मायक्रोसॉफ्टनं ती १९९८ मध्ये जाहीर केली. एकेका ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन पट्ट्या असतात. त्या सुट्या सुट्या चालवल्या, की आडव्या अंगानं जास्त बारकावा मिळतो. अण्णांनी पंचांगाचं भिंग आणून स्क्रीनला लावलं. कान्याच्या डाव्या कडेला तांबूस छटा, उजव्या कडेला निळसर.

"आरं, भगवा हाय की!" अण्णा खूश. उजवीकडच्या निळ्याची त्यांनी दखलच घेतली नाही. भिंग काढून हातभर मागं सरल्यावर दोन्ही रंग दिसेनासे झाले आणि 'बोरगाव' असं स्वच्छ, काळं अक्षर उरलं.

तुमच्याकडेही मराठीची रेघ करडी पडत असेल, तर फॉन्टच्या सेटिंगमध्ये हिंटिंग 'स्लाइट', अँटिअलायझिंग 'आरजीबीए' आणि क्रम 'आरजीबी' ठेवून बघा. मागं सरूनही कडा रंगीत दिसल्या तर क्रम 'बीजीआर' करा. आणि अजून तो जुना, खोक्यासारखा मॉनिटर वापरत असाल, तर अँटिअलायझिंग 'ग्रेस्केल'वरच ठेवा. पट्ट्यांची ही युक्ती त्याच्यावर चालत नाही.