मागच्या सीटवरून

जुलैचा दुसरा रविवार हा जावा आणि येझदी मोटरसायकली बाळगणाऱ्यांचा जागतिक दिवस. आमच्या सातारा-सांगलीकडे बैलांचा बेंदूरही साधारण त्याच सुमाराला येतो, आणि मला दोन्ही सणांत फारसा फरक दिसत नाही. आदल्या दिवशी घासूनपुसून आंघोळ, तेलपाणी, शिंगांना म्हणजे हँडलला रंगीत गोंडे, मग वाजतगाजत मिरवणूक. पुरणपोळी तेवढी टाकीत घालता येत नाही.

अशाच एका रविवारी सांगलीत जुन्या गाड्या मांडल्यात असं कळलं आणि मी साताऱ्याहून एसटीने निघालो. सोबत आत्या. तिला गाडी चालवता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही, पण मागे बसण्याचा तिचा अनुभव दांडगा. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांच्याकडे प्रिया स्कूटर होती. ही प्रिया अस्सल सातारकरीण. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, तिच्या साताऱ्यातल्या कारखान्यात ती तयार व्हायची. तेव्हा स्कूटरचा नंबर लागायला वर्षं जायची. आत्याकडे आधी मुलगा झाला, मग स्कूटर आली. बारशाला कंदी पेढे कमी पडले, पण स्कूटरला पुरून उरले, हे ती अजून ऐकवते.

प्रियाचं इंजिन उजव्या बाजूला. साहजिकच गाडीचा भार उजवीकडे. आणि आपल्याकडची बाई एका अंगाने बसते ती डावीकडे तोंड करून. मूळची व्हेस्पा काढणाऱ्या इटालियन इंजिनिअरांनी साडीचा विचार केला असेल असं वाटत नाही, पण तोल असा काही जमला की मामा एकटेच निघाले की स्कूटर अंमळ बिचकत चालायची. निदान आत्याचं म्हणणं तरी तसं आहे. या बैठकीमुळे तिला साताऱ्याच्या एकेका रस्त्याची एकेक बाजू पाठ झाली. राजवाड्याहून पोवई नाक्याला जाताना एक गाव, परत येताना दुसरं. समोर काय चाललंय हे तिला मामांच्या तोंडूनच कळायचं, आणि त्यावर तिचा कधी फारसा भरवसा नव्हता.

सांगलीत मैदानात शिरल्यावर गर्दी जाईल तिकडे आम्ही गेलो. पुरुष मंडळी टाकीवरून हात फिरवत होती, वाकून इंजिनावरचा नंबर बघत होती. एक काका घोळक्याला इतिहास सांगत होते : मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची, इराणी मंडळींनी म्हैसूरला कारखाना काढला, साठच्या दशकात तिथून जावा बाहेर पडू लागल्या, पुढे त्यांची येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. मग त्यांनी जावाची खुबी दाखवली. किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा. उभा करून किक मारायची आणि पुन्हा आडवा पाडून त्यानेच गिअर टाकायचा.

“एकाकडूनच दोन्ही कामं?” आत्या म्हणाली. “थोरल्या सुनेवाणी झालं की.”

ती स्वतः मात्र प्रत्येक गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन उभी राहत होती. सीट दाबून बघायची, पाय ठेवायची जागा बघायची, साडीगार्ड हलवून बघायची. या साडीगार्डबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिलंय की मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय टेकायला आधार हवा आणि कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं चाक तरी झाकलेलं हवं. म्हणजे रविवारी एकटाच लडाखला निघालेल्या दाढीवाल्याच्या दणकट परदेशी गाडीलाही, ती इथे विकायची तर, आत्याच्या पदराची काळजी घ्यावी लागते. कायद्याच्या पुस्तकात इतकं घरगुती कलम दुसरं मला तरी माहीत नाही.

एका पोराने येझदीचं मॉडिफिकेशन केलं होतं. मागची सीट कापलेली, साडीगार्ड काढलेला, मडगार्ड नावापुरतं. पोरांची झुंबड तिथेच होती. आत्याने गाडीला एक फेरी मारली.

“लग्न झालेलं दिसत नाही,” ती मला म्हणाली.

खरंच झालेलं नव्हतं.

पलीकडे एक येझदी होती, रंग उडालेली, पण मालकाने मुद्दाम तशीच ठेवलेली. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्यांच्या दारातल्या बाकीच्या गाड्या बुडाल्या. पूर ओसरल्यावर गॅरेजपुढे रांगा लागल्या. सायलेन्सर उपडा केला की गढूळ पाणी, ऑइल सोडलं की कॉफीसारखं काहीतरी. ही एकटी वाचली, कारण ते आणि त्यांचे भाऊ तिला दोरखंड लावून जिन्यावरून माडीवर घेऊन गेले होते. “तिनं आमच्या आबांना आयुष्यभर वाह्यलं,” ते म्हणाले. “एकदा आम्ही तिला वाह्यलं, एवढंच.” आत्याने या गाडीच्या सीटला हात लावून नमस्कार केला. बाकी कुठल्या गाडीला हा मान मिळाला नाही.

मग एका जावावाल्या तरुणाने आग्रह केला, “आज्जी, बसा की. फोटो काढू. पुढं बसा, हँडल धरा.”

“पुढं बसून काय करू? तू बस पुढं.”

तो बसला. आत्या पदर खोचून, डावीकडे तोंड करून, त्याच्या खांद्यावर हात टाकून बसली. फोटो झाला, पण ती उतरेना. शेवटी पोराने किक मारली, दांडा आडवा पाडून त्यानेच पहिला गिअर टाकला आणि धुराचा लोट सोडत मैदानाला एक फेरी घातली. उतरताना आत्याने साडी झटकली आणि विचारलं,

“ॲव्हरेज किती देती रं?”

“तीस-पस्तीस, आज्जी.”

“मग बाबा, वर्षातनं एकदाच काढतोस ते बरं करतोस.”